मैदानावरची वाणी आणि मांडीजवळचे मूल

सज्जनहो, आपण महिन्याचा पाठ बहुधा मंदिराच्या सभामंडपातून घेतो. या वेळचा पाठ आर्वीच्या कबड्डीच्या मैदानावरून घेतला आहे. आणि या पाठात ज्याची चूक निघाली तो विद्यार्थी म्हणजे हे लिहिणाराच आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचे दोष सांगायला जीभ चुरूचुरू चालते, आपला सांगताना अडखळते. म्हणून आरंभीच सांगितलेले बरे.

कार्तिकी वारी आटोपून मी गावी परतलो होतो. कापूस वेचणीचे दिवस, रात्रीला थंडी पडू लागलेली. आर्वीत कबड्डीचे सामने लागले होते. आमच्याकडे हा खेळ म्हणजे लोकांचा जीव की प्राण. मोठे दिवे लावून रात्रभर सामने चालतात, आजूबाजूच्या खेड्यांतले संघ येतात, म्हातारेकोतारे घोंगडी पांघरून बसतात आणि पोरेसोरे थेट रेषेला चिकटून बसतात. मीही तरुणपणी हुतूतू खेळलेला कास्तकार माणूस. तिसरीतल्या नातवाचे बोट धरून गेलो. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, मांडीजवळ नातू.

सामना रंगला. शेवटची दोन मिनिटे, गुण सारखे. आमच्या संघाचा गडी चढाईला गेला आणि रिकामाच परत आला. पंचाने शिट्टी वाजवून त्याला बाद दिले. कारण सांगितले की निदान रेषा ओलांडली नाही. मैदानात एकच कालवा उठला. त्या कालव्यात माझाही आवाज होता. मी उठून उभा राहिलो आणि हात वर करून त्या पंचाला आईवरून शिवी दिली. ती येथे छापण्याजोगी नाही. माझ्या आजूबाजूचे चारपाच जण हसले, एकाने पाठीवर थाप मारली. मलाही वाटले, बोललो ते ठीकच बोललो. रात्री घरी येऊन हरिपाठ म्हटला नि झोपलो.

तिसऱ्या दिवशी अंगणात नातू गोट्या मांडून बसला होता. त्याची चार वर्षांची बहीण आली, तिने पायाने डाव विसकटला. तसा हा उठून उभा राहिला, हात वर केला आणि तीच शिवी तिच्या तोंडावर फेकली. शब्द तोच, सूर तोच, हातही तसाच वर. माझी सून चुलीपासून धावत आली, तिने मारायला हात उगारला. पोरगा रडत म्हणाला, “आबाजीनंच त देल्ली होती पंचाले!”

सुनेचा हात हवेतच राहिला. ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, “मामाजी, आता म्या मारू त कोनाले मारू?”

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बरे, एवढ्यावर भागले असते तरी एक वेळ चालले असते. संध्याकाळी नातू जवळ येऊन हळूच म्हणाला, “आबाजी, त्या गड्याचा पाय रेषेच्या अलीकडेच होता. म्या पाहिलं. म्या तिथंच बसलो होतो.” म्हणजे पंच खरा होता, मी खोटा होतो, आणि खरे काय ते पाहणारा माझ्या मांडीजवळ बसून माझी शिवी ऐकत होता. पाठाचा विषय येथून सुरू होतो.

१. खेळाचा यात दोष नाही

कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याने अशा मैदानात जावेच कशाला? हे म्हणणे बरोबर नाही. आपल्या संतांना खेळाचे वावडे नव्हते. हुतूतू, विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी, हुंबरी या खेळांवर त्यांनी अभंग केले आहेत. गोकुळातला खेळगडी हाच ज्यांचा देव, ते खेळाला तुच्छ कसे मानतील? आपल्या विदर्भालाही या खेळाचा मोठा मान आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे कबड्डी करून दाखविली. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकाचा झाला. २०१४ पासून तो दूरचित्रवाणीवर घरोघर दिसू लागला. वर्धा नदीपलीकडच्या गावाने जे जगापुढे नेले, ते आपण आपल्या अंगणात शिव्यांनी का विटाळावे?

आणि या खेळाची एक खूण पाहा. चढाईला गेलेल्या गड्याच्या तोंडात एकच शब्द असतो. “कबड्डी, कबड्डी” हा घोष त्याने एका दमात, पंचाला स्पष्ट ऐकू येईल असा करायचा. घोष तुटला की तो बाद. सात जण अंगावर येत आहेत, पाय ओढत आहेत, तीस सेकंदांत परत यायचे आहे. इतक्या संकटात त्याच्या तोंडाला दुसरा शब्द काढायची मुभा नाही. खेळाडूने पंचाला वेडेवाकडे बोलले तर त्याला कार्ड दाखवतात: हिरव्याने ताकीद, पिवळ्याने दोन मिनिटे बाहेर, लालने घरचा रस्ता. म्हणजे ज्याच्या अंगाला माती लागली, ज्याचा गुडघा फुटला, त्याची वाणी बांधलेली आहे. आणि घोंगडीत बसून भुईमुगाच्या शेंगा खाणाऱ्याची वाणी मात्र मोकाट! प्रेक्षकाला कार्ड दाखविणारा पंच नाही. त्याचा पंच त्यालाच व्हावे लागते.

२. गर्दीत शिवी का निघते?

मी एरवी शिवराळ माणूस नाही. बैलालासुद्धा वाईट बोलत नाही. मग त्या रात्री ते कोठून आले? मी पुष्कळ विचार केला, आणि मला तीन कारणे दिसली.

पहिले कारण म्हणजे गर्दी. एकटा माणूस बोलला तर ते त्याचे बोलणे असते. हजारात बोलला तर ते कोणाचेच नसते, असे त्याला वाटते. गर्दीत तोंडाला नाव राहत नाही. दुसरे कारण पक्ष. आपला गडी बाद झाला की निर्णय खोटाच असणार, असे मन आधीच ठरवून बसते. मी रेषेपासून चाळीस पावले दूर होतो, वर माझी दृष्टी अधू. तरी मला ‘दिसले’ आणि जवळ उभ्या पंचाला दिसले नाही! निदान रेषेचा नियम तर बारीक आहे. गड्याचा पाय रेषेपलीकडे टेकला पाहिजे, आणि त्या वेळी दुसरा पाय अलीकडे टेकलेला नको. हे चाळीस पावलांवरून कोणाला दिसणार? तिसरे कारण म्हणजे शाबासकी. शिवी दिल्यावर लोक हसले, पाठीवर थाप पडली. पुढच्या वेळी आणखी मोठी शिवी द्यायचे ते आमंत्रणच होते. कोठे दारू असते, कोठे पैजेचे पैसे लागलेले असतात, मग तर विचारूच नका. पण माझ्याजवळ या दोन्ही सबबी नव्हत्या. म्हणून निर्व्यसनी माणसाने ‘मी त्यांतला नाही’ असे समजून निर्धास्त राहू नये.

हा रोग एका गावाचा किंवा एका देशाचाही नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूला काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा करून हिणविले. तेथे पोलिसांना प्रेक्षकांतल्या काहींना बाहेर काढावे लागले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला आपला मोहम्मद सिराज सीमारेषेजवळ उभा असता तेथल्या प्रेक्षकांनी त्याला वाईट बोलले. खेळ काही काळ थांबला आणि सहा प्रेक्षकांना मैदानाबाहेर घालविले. इकडचे आणि तिकडचे, तोंड सगळीकडे सारखेच घसरते.

पण तोंड सावरल्याचेही दाखले आहेत. ३१ जानेवारी १९९९ रोजी मद्रासच्या, म्हणजे चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत पाकिस्तानकडून अवघ्या बारा धावांनी हरला. जखम ताजी, मन पोळलेले. तरी तेथले प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी जिंकलेल्या पाहुण्यांना टाळ्या दिल्या. पाहुण्या संघाने त्या टाळ्यांत मैदानाला फेरी घातली. त्या दिवशी तेथे जी मुले बापाच्या खांद्यावर बसली असतील, त्यांनी काय शिदोरी नेली असेल, याचा विचार करावा.

३. मूल कसे शिकते?

आम्ही म्हणतो, ‘लहान आहे, त्याला काय कळते!’ अर्थ कळत नाही हे खरे. माझ्या नातवाला त्या शिवीचा अर्थ आजही ठाऊक नाही. पण शब्द कळायच्या आधी शब्दाची जागा कळते. केव्हा बोलायचे, कोणत्या सुरात, हात कोठे न्यायचा आणि बोलल्यावर लोक हसतात, हे सारे त्याने एका क्षणात उचलले. पाढे दहादा घोकून येत नाहीत, शिवी एकदा ऐकून येते. कारण पाढे सांगताना मास्तर शांत असतो, आणि शिवी देताना आजोबा पेटलेला असतो. जेथे मोठ्यांचा जीव लागलेला दिसतो तेथे मुलाचे सगळे लक्ष जाते.

यावर अभ्यासकांनी प्रयोगही केले आहेत. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या बहात्तर मुलांना घेऊन पाहिले. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोकले आणि ठोकताना तोंडाने टाकून बोलले. काहींसमोर मोठे माणूस मुकाट्याने दुसऱ्या खेळण्यांशी खेळत बसले. मग मुलांना जरा चिडवून खेळण्यांच्या खोलीत सोडले. ज्यांनी मारहाण पाहिली होती, त्यांच्यांतल्या अनेकांनी बाहुल्याला तसेच मारले आणि मारताना तेच शब्दही उच्चारले. शांत माणूस पाहिलेल्यांत हे फार थोडे दिसले. त्या मुलांना कोणी ‘असे करा’ म्हणून सांगितले नव्हते. पाहिले, एवढे पुरे झाले.

आता आपल्या मैदानाची मांडणी पाहा. सर्वांत पुढे, रेषेजवळ मुले. त्यांच्या मागे मोठे. म्हणजे आमच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द आधी मुलांच्या डोक्यावरून जातो, मग पंचाकडे पोचतो. पंचापर्यंत पोचेपर्यंत त्याचा कालवा होतो, पण मुलाच्या कानात तो चोख पडतो.

४. शिवी लागते कोणाला?

माझी चूक कळल्यावर मी आठ दिवसांनी नातवाला घेऊन त्या पंचाकडे गेलो. शेजारच्याच खेड्यातला माणूस. ओसरीवर बसलो, पाणी घेतले आणि म्हटले, भाऊ, त्या रात्री तुम्ही खरे होता. मी तुम्हाला वाईट बोललो, या पोराच्या देखत बोललो, म्हणून याच्या देखत माफी मागायला आलो. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला:

“आबाजी, कोनं देल्ली ते मले आठवतबी नाई. सवय झाली. पहिले पहिले रात्री झोप लागत नसे. पन माझा पोरगा पाचवीत हाय, त्याले कबड्डीचं लय वेड. मांगच्या साली त्याले सामने पाहाले संगं नेलं होतं. घरी आल्यावर मले म्हने, बाबा, हे लोक माह्या आजीले काऊन शिव्या देऊन राहिले होते? तवापासून त्याले मी नेत नाई.”

सज्जनहो, हे ऐकून मी सुन्न झालो. पंचाची आई म्हणजे त्या पोराची आजी, हे मला कधी सुचलेच नव्हते. मला ती शिवी हवेत गेली असे वाटत होते. ती एका घरात जाऊन बसली होती. ती बाई मैदानात नव्हती, तिने कोणाला बाद दिले नव्हते, ती घरी भाकरी थापीत असेल. निर्णय मुलाचा, राग माझा, आणि बोल तिला. आमच्या शिव्यांत बापाचे नाव क्वचित निघते. आई आणि बहीण यांचीच नावे निघतात. पुरुषांच्या भांडणात ज्या बाईचा काडीचा संबंध नाही, तिलाच मधे ओढायचे, असा हा मर्दपणा!

आता वारकऱ्याने आपल्यापुरते आणखी एक पाहावे. आपल्या वाटेवर आपण एकमेकांना काय म्हणून हाक मारतो? ‘माउली.’ पाणी देणारा माउली, रस्ता दाखविणारा माउली, चुकून पाय लागला तो माउली, पोलीससुद्धा माउली. आपल्या ज्ञानोबांना आपण याच नावाने ओळखतो. आईहून मोठे नाव आपल्या संप्रदायाला सापडले नाही. ज्या तोंडाने पंधरा दिवस ‘माउली, माउली’ म्हटले, त्याच तोंडाने मी एका माउलीवरून शिवी दिली. कार्तिकीचा बुक्का कपाळावर असताना दिली. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचेही तप सांगितले आहे: दुसऱ्याच्या जिवाला न खुपणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलावे. माझ्या त्या एका शब्दात यांतले एकही लक्षण नव्हते. तो खुपणारा होता, खोटा होता, ओंगळ होता आणि अहिताचा होता. चारही परीक्षांत मी नापास.

५. शंका आणि समाधान

हा विषय मी आमच्या भजनी मंडळात काढला तेव्हा मंडळींनी शंका विचारल्या. त्या खऱ्या आहेत, म्हणून टाळीत नाही.

पहिली शंका: तुकोबांनीही कडक शब्द वापरले आहेत, मग आम्ही बोललो तर काय बिघडले? समाधान असे की तुकोबांचा कडकपणा ढोंगावर होता, आणि तो आधी त्यांनी स्वतःवर चालवून पाहिला होता. स्वतःचे दोष त्यांच्याइतके उघड कोणी मांडले? शिवाय त्या बोलण्याने ऐकणारा जागा होत असे. माझ्या शिवीने कोण जागा झाला? आमच्या गड्याला एक गुणही मिळाला नाही. संतांचा राग उसना आणायचा असेल तर आधी त्यांचे प्रेम उसने आणावे.

दुसरी शंका: शिमग्याला तर आपण बोंब मारतो, ती परंपराच आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड व बोरी या गावांच्या बाया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, लोक पाहायला जातात. मग? समाधान: परंपरेने शिवीला दिवस ठरवून दिला, जागा ठरवून दिली आणि शेवटही ठरवून दिला. शिमगा झाला की धुळवडीला अंग धुऊन मोकळे व्हायचे. बोरीच्या बारात दोन्ही बाजू राजीखुशीने येतात, एकीने बोलायचे नि दुसरीने ऐकून मुकाट बसायचे असे नाही. आमच्या मैदानात पंचाला उलट बोलायची सोय आहे काय? त्याने विचारून घेतले होते काय? पूर्वजांनी ज्याला वर्षाचा एक दिवस दिला, त्याला आम्ही रोजचे केले, आणि वर परंपरेचे नाव सांगतो.

तिसरी शंका: आपल्या बोलीत मित्र मित्राला लाडानेसुद्धा शिवी देतो. होय, देतो. बोली आपली मोकळी आहे, तिचा मला अभिमान आहे. पण लाडाची शिवी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही हसवते. जी ऐकून एकाच बाजूला हसू येते, ती लाडाची नव्हे. आणि मूल हा फरक करू शकत नाही. त्याने लाडाचा शब्द रागात वापरला की मार त्यालाच बसतो.

चौथी शंका आमच्या मंडळातल्या तरुणाने विचारली आणि ती सर्वांत कठीण आहे. तो म्हणाला, मोबाइलमध्ये पोरे यापेक्षा वाईट ऐकतात. एका मैदानाने काय होणार? मी म्हटले, बाबा, मोबाइलमधला माणूस त्याचा आजा नाही. वाईट शब्द जगात आहेत हे त्याला आज ना उद्या कळणारच. पण ते शब्द आपल्या घरची माणसे वापरतात की नाही, हे त्याने पाहायचे आहे. तेवढा एक दगड पायाखाली पक्का असला तर बाकीच्या चिखलातून तो चालत येईल.

६. जमाव गोड बोलू शकतो काय?

शकतो, आणि याला दाखला आपलाच आहे. माउलींच्या पालखीचे रिंगण आठवा. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते, पुढे सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण होते. हजारो माणसे दाटीवाटीने कडे करून उभी. मध्ये पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी धावतात, मग अश्व सुटतो. शर्यत आहे, वेग आहे, चुरस आहे, जमावही आहे. अंगावर अंग पडते, पायावर पाय पडतो. रिंगण झाल्यावर फुगड्या, हुतूतू, उड्यांचा खेळही होतो. तेथे कोणाच्या तोंडून शिवी ऐकू येते? आणि तेथली माणसे काही आभाळातून पडलेली नसतात. माझ्यासारखेच कास्तकार, मजूर, हमाल, मास्तर. घरी भांडणारे, बाजारात तावातावाने बोलणारे. मग फरक कोठे पडला? तेथे तोंडाला काम दिलेले असते. मुखात नाम आहे, हातात टाळ आहे. रिकाम्या तोंडात शिवी शिरते. भरलेल्या तोंडात तिला जागा सापडत नाही.

ठरविले तर गावही हे करू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. ज्या नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच तालुक्यातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथल्या ग्रामसभेने ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाराला पाचशे रुपये दंड. दंड म्हणजे उपाय झाला असे मी म्हणत नाही. पण साऱ्या गावाने एकत्र बसून आपल्या जिभेचा विचार केला, हे केवढे मोठे! कायदाही याला मोकळा सोडत नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द बोलणे हा पूर्वी दंडविधानाच्या कलम २९४ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २९६ खाली आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विलायतेत वेगळाच मार्ग काढला. तेथल्या फुटबॉल संस्थेने २००८ पासून पोरांच्या सामन्यांत आईबापांसाठी मैदानाच्या कडेला वेगळी रेषा आखायला सुरुवात केली. त्यांनी तिच्या मागेच उभे राहायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर एक शनिवार-रविवार असा नेमला की पालकांनी ओरडायचे नाही, टाळ्या तेवढ्या वाजवायच्या. आपल्या भाषेत सांगायचे तर मौनव्रत! टाळी वाजवायला आपल्याला तर कोणी शिकवायलाही नको.

७. आचरण

ज्ञान आचरणात उतरले नाही तर ते ओझे. म्हणून साधे पाच नेम सुचवितो.

एक: राग आला की एका चढाईचा दम धरावा. तीस सेकंद तोंड बंद. चढाई करणाऱ्या गड्याचा दम तितका असतो, मग पाहणाऱ्याला तो धरायला काय झाले? तीस सेकंदांत पुढची चढाई सुरू होते आणि मागचा राग आपोआप मागे पडतो.

दोन: पंचाचा निर्णय पटला नाही तर संघाच्या कप्तानाने विचारावे. आपण चाळीस पावलांवरून न्यायाधीश होऊ नये.

तीन: शेजारी कोणी घसरला तर हसू नये. हसणे ही शिवीची मजुरी आहे. मजुरी बंद केली की कामकरी येत नाही. जमले तर खांद्यावर हात ठेवून ‘माउली, पोरं बसली आहेत’ एवढेच म्हणावे. चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये, नाही तर तो चेव धरून आणखी बोलेल.

चार: सामने भरविणाऱ्या मंडळींना सांगावे की सामना सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून ही विनंती एखाद्या लहान मुलाकडून करवावी. मोठ्याने सांगितले तर लोक वाद घालतात. मुलाशी कोण वाद घालणार? आणि पंचाच्या घरच्या मंडळींना पुढे बसायला जागा द्यावी. ज्याची आई समोर बसली आहे, त्याला आईवरून बोलायला जीभ रेटत नाही.

पाच: मुलाने शिवी उचललीच तर हसू नये आणि मारूही नये. हसलो तर त्याला बक्षीस मिळते, मारले तर शब्द अधिक खोल रुतून बसतो. ‘हा शब्द एखाद्याच्या आईला लागतो’ एवढे शांतपणे सांगावे. आणि तो शब्द आपल्याकडूनच गेला असेल तर त्याच्यासमोर तसे कबूल करावे. हा पाचवा नेम मला फार महाग पडला, पण फळ त्यालाच आले.

फळ म्हणजे फार काही मोठे नाही. नातू साधुसंत झाला नाही. मधे एकदा पुन्हा त्याच्या तोंडातून तो शब्द अर्धा निघाला. माझ्याकडे पाहून त्याने उरलेला अर्धा गिळला. मीही त्या वेळी गड्याशी मजुरीवरून तावातावाने बोलत होतो. त्याच्याकडे पाहून मीही काहीतरी गिळले. असे आम्ही दोघे एकमेकांचे पंच झालो आहोत.

यंदाही सामने लागतील. मी त्याला घेऊन जाणार आहे. त्या पंचाला निरोप धाडला आहे की तुमच्या पोराला संगे आणा; आमच्याजवळ बसवू, माझ्या आणि माझ्या नातवाच्या मधे. तो आणील की नाही, ठाऊक नाही. पण आणलाच, तर त्याला घरी जाऊन आजीबद्दल काही विचारायची पाळी येऊ नये, एवढे आमच्या बाजूच्या लोकांनी सांभाळावे. येत्या एकादशीला हा पाठ मंडळात वाचताना आपल्या गावच्या मैदानाचेही नाव काढावे आणि ज्याने त्याने आपल्यापुरते ठरवावे.

रामकृष्णहरी.